थंडीतली गाडी आणि पिंजाऱ्याची रजई

माझे अब्बा पिंजारी होते. कापूस पिंजायचा, गाद्या भरायच्या, रजया शिवायच्या, हा आमच्या घरचा धंदा. निफाड तालुक्यातलं आमचं गाव. दिवाळी सरली, की पहाटेपासून अब्बांच्या पिंजणाच्या तातेचा आवाज गल्लीत घुमू लागायचा. शेजारच्या काकू म्हणायच्या, "पिंजण वाजायला लागलं, म्हणजे आली बाई थंडी!"

आमच्याकडची थंडी म्हणजे बातमीतली थंडी. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा पाच अंशांच्या खाली उतरला, की दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात निफाडचं नाव छापून येतं. द्राक्षबागायतदार रात्र रात्र बागेत शेकोट्या पेटवून बसतात. अशाच एका हिवाळ्यात, मी चौथीत असताना, अब्बांना विचारलं होतं, "अब्बा, जुन्या रजईतला कापूस तोच, वजन तेवढंच. मग तुम्ही नुसता पिंजून परत भरला, की ती जास्त ऊब कशी देते?"

अब्बा हात न थांबवता म्हणाले, "कापूस ऊब देत नाही, बेटा. ऊब तुझ्या अंगातली. मी कापसात फक्त हवा भरतो. ती हवा हलली नाही, की तुझी ऊब तुझ्यापाशी राहते."

मी ते वाक्य ऐकलं आणि विसरून गेलो. ते पुन्हा आठवायला मला मोटारसायकल घ्यावी लागली.

१९९८च्या जानेवारीतली गोष्ट. आकाशवाणीच्या तेव्हाच्या औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर केंद्रावर माझ्या कवितावाचनाचं ध्वनिमुद्रण होतं. आयुष्यातलं पहिलं. सकाळी दहाची वेळ दिलेली. एस.टी.नं आरामात जाता आलं असतं. पण नुकतीच एक जुनी हिरो होंडा घेतली होती आणि पहिल्या ध्वनिमुद्रणाला स्वतःच्या गाडीवर जायची हौस होती. जवळजवळ दीडशे किलोमीटरचा पल्ला. पहाटे पाचच्या सुमाराला निघालो. अंगात झब्बा, त्यावर अम्मीनं विणलेला स्वेटर, गळ्यात मफलर. हातमोजे नाहीत. हेल्मेटही नाही; ही चूक आज सांगतानाही लाज वाटते. अब्बा दारात उभे होते. म्हणाले, "वरून काहीतरी घाल." मी म्हटलं, "स्वेटर आहे की!"

विंचूर येईपर्यंत बोटं ठणकत होती. विंचूरनंतर ठणका थांबला. मला वाटलं, चला, हात सरावले. येवल्याच्या अलीकडे अंधारात पुढे उसानं भरलेली बैलगाडी दिसली. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. तरी दिसली तेव्हा अंतर पुरेसं होतं. मी ब्रेक दाबला. म्हणजे मनानं दाबला. बोटं मुठीवर होती तशीच राहिली. पायाचा ब्रेक तेवढा लागला, मागचं चाक फरफटलं, मी साइडपट्टीवर उतरलो आणि एका बाभळीच्या अलीकडे कसाबसा थांबलो. गाडीवान खाली उतरून आला. म्हणाला, "काय भाऊ, झोप लागली का?"

झोप नव्हती लागली. मी टक्क जागा होतो. माझे हात झोपले होते.

मित्रहो, आज बोलायचं आहे ते या झोपलेल्या हातांबद्दल. थंडीत मोटारसायकल चालवणं हा आपल्याकडे सहनशक्तीचा विषय समजला जातो. ज्याला सोसते तो मर्द, ज्याला सोसत नाही तो नाजूक. हे चूक आहे. थंडी सोसली म्हणून ती अंगाला लागायची राहत नाही. ती आधी बोटांत शिरते, मग डोक्यात, आणि दोन्ही वेळा आपल्याला वर्दी देत नाही.

पुढचं सांगतो. येवल्यात चहाच्या टपरीवर थांबलो, तर हातात ग्लास धरवेना. टपरीवाल्या चाचांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, ग्लास बाकावर ठेवला आणि रद्दीतून दोन वर्तमानपत्रं काढली. "स्वेटरच्या आत छातीवर घाल. एक पोटावर उतरू दे," म्हणाले. माझ्या पिशवीत पायमोज्यांचा जास्तीचा जोड होता, तो हातात चढवायला लावला. पुढचे शंभरेक किलोमीटर मी त्या कागदांच्या जिवावर गेलो. केंद्रावर पोचलो तरी ओठ वळत नव्हते. प, फ, ब, भ, म ही अक्षरं ओठ जुळल्याशिवाय निघत नाहीत, हे शाळेत शिकलो होतो. त्या दिवशी अनुभवलं. माझ्या कवितेची पहिलीच ओळ 'प'नं सुरू होत होती! तिथल्या अधिकाऱ्यांनी कोमट पाणी दिलं, अर्धा तास बसवून ठेवलं, मग ध्वनिमुद्रण केलं.

रात्री घरी येऊन अब्बांना सगळं सांगितलं. अब्बांनी तो स्वेटर उचलला आणि दिव्यासमोर धरला. विणीतून दिवा दिसत होता. म्हणाले, "जिथून दिवा दिसतो, तिथून वारा येतो. मी रजई भरतो, पण वर खोळ घट्ट विणीची घेतो ना? ती कशासाठी?"

ती कशासाठी, ते समजून घेऊ.

आपलं शरीर ही एक बारीक भट्टी आहे. आतलं तापमान सदतीस अंशांच्या आसपास राखण्यासाठी ती रात्रंदिवस जळत असते. शांत बसलेला माणूस साधारण शंभर वॉट उष्णता देतो, म्हणजे पूर्वीच्या शंभराच्या बल्बइतकी. ही उष्णता कातडीभोवतीच्या हवेचा एक पातळ थर गरम करते. हवा उष्णता फार हळू वाहून नेते, म्हणून तो थर जागेवर राहिला तर तीच आपली पहिली गोधडी. वारा आला, की तो थर उडून जातो. शरीर नवा थर तापवतं, वारा तोही उडवतो. वाऱ्यात थंडी जास्त वाजते ती यामुळे.

या गोष्टीचं मोजमाप पॉल सायपल आणि चार्ल्स पॅसल या दोन अमेरिकन संशोधकांनी १९४१ मध्ये अंटार्क्टिकावर केलं. त्यांनी प्लास्टिकच्या नळकांड्यात पाणी भरून ते बाहेर टांगलं आणि वेगवेगळ्या वाऱ्यात ते गोठायला किती वेळ लागतो, ते मोजलं. त्यातून वाऱ्यामुळे जाणवणाऱ्या थंडीचं गणित निघालं. पुढे २००१ मध्ये अमेरिका आणि कॅनडानं ते सुधारलं. त्या सुधारित सूत्रानं आपला हिशोब करून पाहू. हवा दहा अंशांची आहे आणि वारा ताशी साठ किलोमीटरचा आहे, तर उघड्या चेहऱ्याला ती पाच अंशांसारखी लागते. हवाच पाच अंशांची असेल, तर जाणीव शून्याच्या खाली जाते, उणे दोनच्या आसपास. हा हिशोब हवामान केंद्राच्या उंच खांबावर मोजलेल्या वाऱ्याचा आहे. गाडीवरचा वारा तर थेट तोंडावर असतो, त्यामुळे आपली गत याहून थोडी वाईटच.

इथे एक गंमत लक्षात घ्या. त्या पहाटे येवल्याच्या रस्त्यावर वारा नव्हताच. पानही हलत नव्हतं. वारा मी केला होता. मोटारसायकलस्वार हा स्वतःचं वादळ स्वतःबरोबर घेऊन फिरणारा प्राणी आहे. तो थांबला, की वादळ थांबतं.

मग वेग कमी केला तर थंडी कमी होईल का? उघड्या कातडीपुरतं बोलायचं, तर फारशी नाही. त्याच सूत्रानं दहा अंशांच्या हवेत ताशी साठऐवजी चाळीसनं गेलात, तर पाचाऐवजी सहा अंशांसारखं वाटेल, एवढाच फरक. पण कपड्यांचा हिशोब वेगळा आहे. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. साठवरून चाळीसवर आलात, की छातीवरचा दाब निम्म्याहून कमी होतो. म्हणजे विणीतून आत घुसणारा वाराही बराच कमी. आणि त्याहून मोठा फायदा ब्रेकचा. ताशी साठच्या वेगानं गाडी सेकंदाला जवळजवळ सतरा मीटर जाते. गारठलेल्या बोटांनी अर्धा सेकंद उशीर केला, तरी आठ मीटर गेले. उसाची गाडी तेवढ्यात येते.

आता कपड्यांकडे येऊ. अब्बांच्या रजईचे दोन भाग होते: आत हवा धरणारा कापूस, बाहेर वारा अडवणारी खोळ. गाडीवरच्या माणसालाही हेच दोन भाग हवेत. आपल्याकडे बहुतेकांचा आतला भाग ठीक असतो; स्वेटर असतो, कुणाकुणाचे दोन असतात. नसते ती खोळ. दोन स्वेटर चढवून निघालेला माणूस कुडकुडतो आणि एक स्वेटर व वर विंडचीटर घातलेला माणूस मजेत जातो, ते यामुळे. विंडचीटर नसेल, तर पावसाळ्यातला रेनकोट माळ्यावरून काढा आणि स्वेटरच्या वर घाला. थोडं विचित्र दिसेल, पण खोळीचं काम तो चोख करतो. जाकीट विकत घेताना किंमत पाहण्याआधी एक परीक्षा करा. कापड ओठांना लावून जोरात फुंकर मारा आणि पलीकडे तळहात धरा. फुंकर हाताला लागली, तर वारा छातीला लागणार.

वर्तमानपत्राचं गुपितही हेच. कागदातून वारा जात नाही आणि घड्यांमध्ये हवा अडकते, म्हणजे रजई आणि खोळ दोन्ही एकदम. आपल्याकडचे दूधवाले, पेपरवाले हे पिढ्यानपिढ्या करत आले आहेत. तिकडे फ्रान्समधल्या जगप्रसिद्ध सायकल शर्यतीतही डोंगरमाथ्यावर पोचलेले स्वार उतरणीला लागण्याआधी लोकांच्या हातातलं वर्तमानपत्र घेऊन छातीशी कोंबत आले आहेत. तेव्हा हे पान वाचून झाल्यावर लगेच रद्दीत टाकू नका!

कपडे घट्ट नसावेत, हेही महत्त्वाचं. पायात तीन मोजे कोंबून वर तंग बूट घातला, की मोज्यातली हवा दबून जाते आणि रक्तही अडतं. तीन मोज्यांत पाय गारठतात, एका जाड मोज्यात ते ऊबदार राहतात. अंगठे बुटात हलले पाहिजेत. पायमोज्यांच्या वर प्लास्टिकची पिशवी आणि मग बूट, हा जुना उपाय वारा अडवायला चांगला आहे, पण घाम आतच राहतो. म्हणून तो तासा-दीड तासापुरता. पुढच्या थांब्यावर मोजे कोरडे आहेत ना, ते पाहावं.

ओल हा वाऱ्याइतकाच मोठा शत्रू आहे. पाणी हवेच्या वीस-पंचवीस पट वेगानं उष्णता वाहून नेतं. पिंजाऱ्याच्या पोरानं हे बोलावं याची मौज वाटेल, पण अंगालगतचा सुती बनियन घामानं भिजला, की तो थंडीचाच मदतनीस होतो. कापूस पाणी पितो आणि धरून ठेवतो. लोकर ओली झाली तरी बरीच ऊब राखते. दुधाचे कॅन किंवा भाजीचे क्रेट गाडीवर चढवताना आधीच जाकीट घालून घाम काढू नका. माल चढवा, घाम वाळू द्या, मग वरचे कपडे घाला. भिजलेला बनियन बदलायला एक कोरडा बरोबर ठेवा.

आता हातांची गोष्ट. लोक म्हणतात, चांगले हातमोजे घेतले, तरी बोटं गारठतात. कारण हात गरम राहतात ते छातीमुळे. शरीराला थंडी लागली, की ते काटकसरी बाईसारखं वागतं. हृदय, मेंदू, पोट यांना आधी रक्त. हातापायांच्या नळ्या आवळून घ्यायच्या. म्हणजे छाती उघडी टाकून हातमोज्यांवर पैसे घालणं हे टाकी रिकामी ठेवून नळ बदलण्यासारखं आहे. आधी छाती, मान आणि पोट झाका; बोटांना रक्त आपोआप येतं. मग हातमोजे असे घ्या, की त्यांची बाही जाकिटाच्या बाहीवर किंवा आत नीट बसेल आणि मनगट उघडं राहणार नाही. पण इतके जाडही नकोत, की ब्रेक आणि क्लच कळणार नाहीत. काही जण हँडलला रेक्झिनचे खोळीसारखे कव्हर बांधतात. वारा अडवायला ते उत्तम, मात्र हात झटकन आत-बाहेर होतो ना, ब्रेकचा दांडा कुठे अडकत नाही ना, हे गाडी उभी असताना दहा वेळा करून पाहा.

डोक्यातून शरीराची निम्मी उष्णता जाते, असं ऐकत आलो आहोत. ते खरं नाही; डोक्याचा वाटा त्याच्या आकाराइतकाच, दहा टक्क्यांच्या आसपास. पण चेहऱ्याला आणि मानेला थंडी फार लवकर जाणवते, म्हणून काच असलेलं हेल्मेट ही डोक्याची सुरक्षा तर आहेच, शिवाय चेहऱ्याची खोळही आहे. श्वासानं काचेवर वाफ धरते, तेव्हा काच बोटभर उघडी ठेवावी आणि मफलर नाकावरून न घेता हनुवटीखाली बांधावा. मफलरची, ओढणीची, पदराची टोकं जाकिटाच्या आत खोचावीत. मागे फडफडणारं टोक चाकात किंवा चेनमध्ये जाऊन गळ्याला फास बसल्याची उदाहरणं आपण दरवर्षी वाचतो.

मग चहाचं काय? चहाशिवाय थंडीतला प्रवास मी तरी करणार नाही. पण हिशोब ऐका. साठ अंशांचा शंभर मिलिलिटर चहा शरीराच्या तापमानाला येईपर्यंत जेमतेम सव्वादोन किलोकॅलरी उष्णता देतो. तेवढी आपलं शरीर दीड-दोन मिनिटांत स्वतःच तयार करतं. मग चहानं बरं का वाटतं? कारण चहासाठी आपण थांबतो. वादळ थांबतं. ग्लासाभोवती बोटं शेकतात, चार पावलं चालणं होतं, साखर पोटात जाते. खरी ऊब त्या दहा मिनिटांची आहे. म्हणून दर चाळीस-पन्नास किलोमीटरला थांबा, चहा घ्या किंवा नका घेऊ. आणि उपाशी निघू नका. भट्टीला लाकूड लागतंच. बाजरीची भाकरी, शेंगदाणे-गूळ, जे असेल ते पोटात असू द्या.

बिडी-सिगारेट आणि तंबाखू मात्र उलटं काम करतात. निकोटिन हातापायांच्या नळ्या आणखी आवळतं, बोटं अधिक गार पडतात. थंडीला 'थोडीशी' घेण्याचा सल्ला देणारेही भेटतात. दारूनं कातडीखालच्या नळ्या सैल होतात, म्हणून अंग गरम झाल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात आतली ऊब बाहेर सांडत असते. गाडी चालवणाऱ्यानं ती घेऊ नये याला दुसरंही कारण आहे, ते सांगायला नको.

थंडीची वेळ आणि जागाही ओळखायला हवी. निरभ्र, निवांत रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडत राहते आणि सर्वांत कमी तापमान मध्यरात्री नव्हे, तर सूर्योदयाच्या आसपास असतं. गार हवा जड असते. ती पाण्यासारखी सखल भागात उतरून साचते. कादवेच्या पुलावर, गोदावरीकाठी, नांदूरमधमेश्वरच्या बाजूला, भिजवलेल्या उसाच्या पट्ट्यातून जाताना एकदम गार झोत अंगावर येतो, तो याच साचलेल्या हवेचा. धुकंही तिथेच धरतं. अशा ठिकाणी पोचण्याआधीच वेग उतरवावा. आणि जमत असेल, तर निघायची वेळच तासभर पुढे ढकलावी. सूर्य वर आल्यावरचा एक तास हा अंगावरच्या एका जाड जाकिटाइतका मोलाचा असतो.

आता सर्वांत महत्त्वाचं. थंडी अंगात किती शिरली, हे ओळखायचं कसं? गाडी बाजूला घेऊन हातमोजा काढा आणि त्या हाताचा अंगठा त्याच हाताच्या करंगळीला टेकवा. सहज टेकला, तर ठीक. टेकायला कष्ट पडले, तर तुमचा ब्रेक तुमच्या ताब्यात नाही, असं समजा. ठणका थांबला म्हणजे हात सरावले, असं मुळीच नाही. मी फसलो तो तिथेच. हात काखेत घाला, मांड्यांमध्ये धरा, खांद्यापासून गोल फिरवा, चाला. बधिर हात सायलेन्सरला किंवा जाळाशी नेऊ नका, कारण भाजलेलं कळत नाही. मधुमेह असलेल्यांनी पायांच्या बाबतीत हे दुप्पट जपावं.

कुडकुडणं हे शरीराचं शहाणपण आहे. स्नायू थरथरून नेहमीच्या चार-पाच पटींपर्यंत उष्णता काढतात. पण अंग कुडकुडतंय आणि जीभ जड होतेय, हातातून वस्तू पडतेय, किल्ली लागत नाहीये, आपण कुठे निघालो हे क्षणभर आठवत नाहीये, अशी लक्षणं दिसली, की प्रवास तिथेच संपवायचा. आतलं तापमान पस्तीस अंशांच्या खाली जाऊ लागलं, की पहिला घाला विवेकावर पडतो. माणूस म्हणतो, "मला काही झालेलं नाही, दहाच किलोमीटर उरलेत." हे वाक्य ऐकलं, की बरोबरच्या माणसानं किल्ली काढून घ्यावी. आणि अंग गार असूनही कुडकुडणं थांबलं व गुंगी येऊ लागली, तर आडोसा, कोरडे कपडे, रजई आणि दवाखाना, याच क्रमानं धावपळ करावी.

गाडीवर आपण एकटे नसतो, हेही विसरू नये. मागे बसलेली घरची मंडळी हलत नाहीत, हँडल धरत नाहीत, म्हणून चालवणाऱ्याइतकीच गारठतात आणि संकोचानं बोलत नाहीत. सर्वांत वाईट दशा असते ती टाकीवर पुढे बसवलेल्या लेकराची. बाप त्याच्याआड सुखात असतो आणि सगळा वारा ते पोर झेलत असतं. लहान अंग फार लवकर गार पडतं. ते रडायचं थांबलं म्हणजे झोपलं, असं आपण समजतो. चार वर्षांखालच्या मुलाला दुचाकीवर नेताना सुरक्षापट्टा हवा, नऊ महिन्यांवरच्या मुलाला हेल्मेट हवं आणि वेग ताशी चाळीसच्या वर नको, असा केंद्राचा नियम २०२२ मध्ये जाहीर झाला आणि २०२३ पासून लागू झाला. थंडीच्या पहाटे याच्या पुढचा एक घरचा नियम आपण करावा: लेकराला गाडीवर पुढे बसवायचंच नाही. एस.टी. आहे, रेल्वे आहे, शेजाऱ्याची चारचाकी आहे.

पूर्वी पहाटेच्या अंधारात रस्त्यावर दूधवाला आणि पेपरवालाच दिसायचे. आता रात्री-अपरात्री पार्सल पोचवणारी मुलं आहेत, कारखान्याच्या रात्रपाळीवरून परतणारी मुलं आहेत. त्यांच्यातल्या कुणालाही आपण "थंडी वाजते का?" असं विचारत नाही. आपल्या दारात येणाऱ्या अशा मुलाला दोन मिनिटं आत बोलावून चहा द्यावा. चहात ऊब फार नसते, हे मी मघाशीच सांगितलं. थांबण्यात असते.

अब्बा जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांचं पिंजण आमच्या ओसरीत भिंतीला टांगलेलं आहे; तात कधीच तुटली. माझा मुलगा नाशिकच्या औद्योगिक वसाहतीत कामाला आहे. रात्रपाळी संपवून चाळीसेक किलोमीटर गाडी मारत नेमका सूर्योदयाच्या वेळी येतो, जेव्हा पारा सर्वांत खाली असतो. गेल्या हिवाळ्यात त्यानं महागाचं जाकीट आणलं. मी ते ओठांना लावून फुंकर मारली. पलीकडे काही लागलं नाही. त्याला म्हटलं, "तुझ्या दादांनी हे पास केलं असतं."

तरीही पहाटे त्याच्या गाडीचा आवाज येईपर्यंत मला झोप लागत नाही. तो फाटकात येतो, गाडी लावतो आणि हेल्मेट काढण्याआधी हातमोजा काढतो. खिडकीत मी उभा आहे, हे त्याला ठाऊक असतं. तो हात वर करतो आणि अंगठा करंगळीला टेकवून दाखवतो. मग मी चहाचं आधण ठेवतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)